काचेतला समुद्र : फिलिप हेन्री गॉस यांची जीवनकथा

अ‍ॅक्वेरियम हा शब्द आज आपल्या मुलांच्याही तोंडी आहे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि पुढे कित्येक वर्षे सुटीत मुंबईस गेलेली कुटुंबे ते आवर्जून पाहून आली. कोणाच्या दिवाणखान्यात, कोणाच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत मासे फिरताना आपण पाहतोच. परंतु ज्यांनी या शब्दाला आजचा अर्थ दिला आणि समुद्राचे खारे पाणी घरात जिवंत कसे ठेवावे हे सामान्य लोकांना शिकवले, ते गृहस्थ पवित्र शास्त्राचे निष्ठावान अभ्यासक होते, एका लहान मंडळीची सेवा करणारे उपदेशक होते, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. त्यांचे नाव फिलिप हेन्री गॉस. त्यांच्या आयुष्यात यश आहे, दुःख आहे, आणि जिला आपणच कारण झालो अशी एक हानीही आहे. तीच या लेखात थोडक्यात सांगावयाची आहे.

बालपण व भटकंती

फिलिप यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडातील वूस्टर शहरी झाला. वडील टॉमस गॉस हे लहान आकाराची व्यक्तिचित्रे काढीत गावोगाव फिरणारे चित्रकार. कमाई बेताची, आणि घरी राहणे त्याहूनही थोडे. घर चालवले ते आई हॅना हिने. कुटुंब पुढे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पूल या बंदरात येऊन राहिले आणि तेथेच फिलिपला समुद्राची ओळख झाली. त्याची एक आत्या होती, मिसेस बेल. कीटक व समुद्रजीव यांची तिला चांगली माहिती होती. खडकातल्या डबक्यात सापडणारी समुद्रपुष्पे समुद्राच्याच पाण्यात घालून घरी ठेवून पाहा, असे तिने या पोराला सुचवले. समुद्रपुष्प म्हणजे फूल नव्हे, तो प्राणीच. पाकळ्यांसारख्या दिसणाऱ्या शुंडकांनी तो भक्ष्य पकडतो. मुलाने ते प्राणी घरी आणले. पण भांड्यातले पाणी थोड्याच दिवसांत बिघडे. ते का बिघडते याचे उत्तर मिळायला पुढे पंचवीसएक वर्षे जावी लागली.

पंधराव्या वर्षी फिलिप पूल येथील एका व्यापारी पेढीत कारकून म्हणून लागला. १८२७ साली पेढीच्या धंद्यानिमित्त त्याला अटलांटिक महासागरापलीकडे न्यूफाउंडलंड बेटावरील कार्बोनियर गावी पाठवण्यात आले. तेथे दिवसा हिशेबाच्या वह्या आणि उरलेल्या वेळी कीटक, असा त्याचा क्रम होता. १८३२ साली दोन गोष्टी घडल्या. एका लिलावात त्याला सूक्ष्मदर्शकावरचे एक जुने पुस्तक मिळाले आणि त्याने निसर्गाच्या अभ्यासाला वाहून घेतले. त्याच वर्षी घरून बहिणीच्या गंभीर आजाराची बातमी आली, तो प्रार्थनेकडे वळला आणि आपले जीवन त्याने देवाच्या हाती सोपवले. या दोन्ही निष्ठा त्याच्यात अखेरपर्यंत एकत्र नांदल्या.

१८३५ साली गॉस कॅनडातील कॉम्प्टन या गावी शेती करावयास गेले. शेती फसली. तीन वर्षांच्या कष्टांतून हाती आले ते टिपणवह्या आणि कीटकांचा संग्रह. १८३८ साली ते अमेरिकेतील अलाबामा संस्थानात मळेवाल्यांच्या मुलांचे शिक्षक झाले. तेथे गुलामांचे होणारे हाल त्यांना पाहवले नाहीत. वर्ष पुरे होण्याआधीच ते इंग्लंडला परतले. आता वय जवळजवळ तीस, खिसा रिकामा, हाताला धंदा नाही. पण कॅनडातील टिपणांवरून लिहिलेले पुस्तक १८४० साली छापले गेले आणि लेखणीवर पोट भरता येईल असा धीर त्यांना आला. लंडनच्या हॅकनी भागात त्यांनी मुलांची एक लहान शाळाही चालवली. ज्यांना लोक ब्रदरन म्हणत, त्या बंधुमंडळीत ते तेथेच सामील झाले. या मंडळीत पगारी पाळक नसत. बंधुजन एकत्र जमून शास्त्र वाचीत आणि प्रभूच्या स्मरणार्थ भाकर मोडीत.

१८४४ च्या अखेरीस ते पक्षी व इतर प्राणी गोळा करण्यासाठी जमेका बेटावर गेले. ब्लूफील्ड्स येथे मोरेव्हियन मिशनऱ्यांच्या घरी त्यांचा मुक्काम होता. सॅम्युएल कॅम्पबेल नावाचा एक कृष्णवर्णी तरुण त्यांचा मदतनीस झाला. या तरुणाच्या तीक्ष्ण नजरेचे आणि प्रामाणिकपणाचे ऋण गॉस यांनी आपल्या पुस्तकात मोकळेपणाने मान्य केले आहे. गोऱ्या लेखकाने काळ्या सहकाऱ्याचे श्रेय असे नावानिशी नोंदवावे, हे त्या काळी विरळाच होते. दीड वर्षाने ते परतले, आणि १८४७ साली जमेकाच्या पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

१८४८ साली त्यांचा विवाह एमिली बोज यांच्याशी झाला. एमिलीबाई वयाने चार वर्षांनी मोठ्या, विदुषी, शुभवर्तमानपत्रिका लिहिण्यात कुशल. पुढल्या वर्षी त्यांना एडमंड हा एकुलता एक पुत्र झाला. गॉस त्या दिवशीच्या रोजनिशीत मुलाच्या जन्माची नोंद करतात आणि तिच्याच शेजारी जमेकाहून आलेल्या एका हिरव्या पाकोळीची पोच लिहितात! घर आणि प्रयोगशाळा यांत या मनुष्याला कधी भिंत घालता आली नाही.

पाणी बिघडते का?

सूक्ष्मदर्शकावर सतत वाकून काम केल्याने गॉस यांना डोकेदुखी जडली. हवापालट करावा म्हणून १८५२ च्या आरंभी हे कुटुंब डेव्हन परगण्याच्या किनाऱ्यावर गेले. प्रथम टॉर्कीजवळ सेंट मेरीचर्च येथे, मग इल्फ्राकूम येथे. ओहोटीच्या वेळी कमरेइतक्या पाण्यात उतरावे, हातोडी व छिन्नीने खडकाचा कपचा काढावा, त्यावरचे समुद्रपुष्प किंवा बोटाच्या टोकाएवढे प्रवाळ बरणीत घालून घरी आणावे, असा क्रम सुरू झाला. आणि बालपणीचा तो प्रश्न पुन्हा समोर आला.

या वाटेवर काही पावले आधीच पडली होती. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीचे उपडीन लॉर्ड जॉन थिन यांच्या पत्नी अ‍ॅना थिन यांनी १८४६ साली टॉर्कीहून जिवंत प्रवाळ लंडनला नेले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतीत असे. पुढे बाईंनी दगडाला चिकटलेले समुद्रशेवाळ मागवून त्या पाण्यात ठेवले, आणि त्यांचे प्राणी तीन वर्षे जगले. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञाने १८५० साली गोड्या पाण्यावरचा आपला प्रयोग प्रसिद्ध केला. एका काचपात्रात त्याने दोन सोनमासे व पाणवनस्पती ठेवल्या. झाडाची पाने कुजू लागली तेव्हा त्यात गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजके खाल्ले, पाणी निवळले आणि पात्र महिनोन् महिने टिकले. उजेडात वनस्पती प्राणवायू सोडते व प्राण्याने टाकलेला कार्बन डायऑक्साइड घेते, हे तत्त्व शास्त्रज्ञांना माहीत होते. ते एका भांड्यात किती काळ चालते, हे वॉरिंग्टनने दाखवून दिले.

गॉस यांनी स्वतंत्रपणे हेच काम समुद्राच्या पाण्यावर केले आणि त्यातील बारकावे शोधून काढले. मोठे तपकिरी शेवाळ भांड्यात टिकत नाही, ते कुजून पाणी नासवते. हिरवे व तांबडे शेवाळ टिकते, पण ते खडकावरून ओरबाडून न आणता दगडाच्या कपच्यासकट आणले पाहिजे. आधी पाणी व शेवाळ ठेवून काही दिवस जाऊ द्यावेत, प्राणी मागाहून सोडावेत, आणि तेही थोडेच. काचेवर हिरवा थर चढतो तो खाण्यासाठी लहान समुद्रशंख ठेवावेत. ऊन थेट पडू देऊ नये, कारण लहान भांडे लवकर तापते. कोणी प्राणी मेला तर त्याच दिवशी काढून टाकावा. एका मेलेल्या जिवाने सगळे भांडे जाते. पाणी आणावयाचे पिंप ओकच्या लाकडाचे नसावे, कारण त्या लाकडातला तुरट अंश प्राण्यांना बाधतो. पाणी हलते राहावे म्हणून वर एक भांडे टांगून त्यातून थेंब थेंब पाणी पाडण्याची युक्तीही त्यांनी सुचवली.

यातली एक गोष्ट नवशिक्याला हमखास चकवते. भांड्यातले पाणी आटले तर त्यात समुद्राचे पाणी भरावेसे वाटते. पण तसे करावयाचे नाही. वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून भर घालावयाची ती गोड्या पाण्याची. वर पुन्हा खारे पाणी घालीत गेलो तर महिन्याभरात भांडे समुद्राहून खारट होईल.

किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांनी काय करावे, याचाही विचार गॉस यांनी केला. समुद्राच्या पाण्याच्या रासायनिक पृथक्करणावरून १८५४ साली त्यांनी लंडनमध्ये कृत्रिम समुद्रजल बनवले. साधे मीठ, विलायती मीठ म्हणजे एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियमचा क्लोराइड आणि पोटॅशियमचा क्लोराइड, हे चारच क्षार त्यांनी ठरलेल्या मापाने पाण्यात विरघळवले. आधी शेवाळ घातले, ते जगले. मग प्राणी सोडले, तेही जगले. आज जगभर हौशी लोक क्षारांची पुडी विरघळवून समुद्राचे पाणी बनवतात, त्यांत व्यापाऱ्यांनी आणखी अनेक द्रव्यांची भर घातली आहे. पण वाट हीच आहे.

१८५३ च्या मे महिन्यात लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्यासाठी लागणारे किती तरी समुद्रजीव गॉस यांनीच वेमथच्या किनाऱ्यावरून पाठवले होते. त्याच वर्षी त्यांचे डेव्हन किनाऱ्यावरचे पुस्तक निघाले. पुढल्या वर्षी अ‍ॅक्वेरियम याच नावाचे पुस्तक आले, त्यात त्यांनी स्वतः काढलेली सुंदर रंगीत चित्रे होती. पूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञ पाणवनस्पतींच्या हौदाला हा शब्द लावीत. आता तो माशांच्या आणि समुद्रजीवांच्या काचपेटीला चिकटला तो कायमचा. १८५५ साली त्यांनी नवशिक्यांसाठी एक लहान मार्गदर्शिकाही काढली. काचेवरचा कर १८४५ साली उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. आगगाड्यांनी किनारा जवळ आणला होता. घरोघरी समुद्र ठेवण्याची जणू लाट आली. १८५६ साली रॉयल सोसायटीने गॉस यांना सदस्य करून घेतले. विद्यापीठाचे तोंड न पाहिलेल्या एका कारकुनाला हा मान मिळाला.

दुःखाचे वर्ष

त्याच १८५६ साली एमिलीबाईंच्या स्तनात गाठ असल्याचे आढळले. शस्त्रक्रियेऐवजी एका नव्या मलमाचा उपचार निवडला गेला. त्या उपचाराने महिनोन् महिने असह्य वेदना दिल्या आणि गुण आला नाही. फेब्रुवारी १८५७ मध्ये त्या प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या. एडमंड तेव्हा सात वर्षांचा होता. आईने मरण्यापूर्वी त्याला देवाच्या सेवेसाठी वाहिले होते.

या दुःखाच्या वर्षातच गॉस यांनी एक पुस्तक लिहिले. त्याचे नाव ऑम्फॅलॉस, म्हणजे ग्रीक भाषेत बेंबी. पृथ्वी फार जुनी आहे असे खडक सांगतात, आणि शास्त्राचा अक्षरशः अर्थ घेतला तर ती तितकी जुनी दिसत नाही. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न त्या काळी अनेक ख्रिस्ती मनांना छळत होता. गॉस यांनी उत्तर दिले की, देवाने सृष्टी घडवली ती भूतकाळाच्या खुणांसकटच घडवली. आदामाला आई नसूनही बेंबी असेल, पहिल्या झाडाच्या खोडात वाढीची वलये असतील. तसेच खडकांतले प्राण्यांचे अवशेषही. हे उत्तर आपण विद्वानांना व भाविकांना, दोघांनाही देणगी म्हणून देत आहोत अशी त्यांची समजूत होती. पण ते कोणीच स्वीकारले नाही. त्यांचे स्नेही, लेखक व पाळक चार्ल्स किंग्जली यांनीही कळवले की, हे मान्य केले तर देवाने खडकांवर असत्य लिहून ठेवले असे म्हणावे लागेल, आणि ते आपणाला मान्य करवत नाही. डार्विनचा प्रसिद्ध ग्रंथ येण्याआधी दोन वर्षांची ही गोष्ट. शोकात बुडालेल्या या मनुष्याला तो आघात फार जड गेला. एका बरणीतले पाणी स्थिरावावे म्हणून जे गॉस दिवसचे दिवस वाट पाहत, त्यांनी या एका मोठ्या प्रश्नाचे उत्तर मात्र घाईने देऊन टाकले, असे आज मागे वळून पाहताना वाटते.

रिकामी झालेली डबकी

१८५७ च्या शरद ऋतूत पितापुत्र लंडन सोडून सेंट मेरीचर्च येथे कायमचे राहावयास आले. तेथील लहान बंधुमंडळीची देखरेख गॉस यांच्याकडे आली आणि पुढे तीस वर्षे त्यांनी ती केली. शेतमजूर, शिंपी, मोलकरणी यांची ती मंडळी. रविवारी उपदेश, आठवड्यात शास्त्राभ्यास, आजाऱ्यांच्या भेटी, आणि ओहोटी असेल तेव्हा किनारा. १८५८ ते १८६० या काळात ब्रिटनच्या समुद्रपुष्पांवरचा व प्रवाळांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ भागाभागांनी प्रसिद्ध झाला. त्यातली चित्रे व वर्णने पुढच्या अभ्यासकांना दीर्घकाळ उपयोगी पडली. १८६० साली त्यांनी एलायझा ब्राइटवेन या सुशील बाईंशी विवाह केला आणि घराला पुन्हा गृहिणी लाभली.

याच काळात ते दुःखद चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. त्यांची पुस्तके वाचून लोक टोपल्या, बरण्या, हातोड्या घेऊन किनाऱ्यावर लोटले. धंदेवाईक गोळा करणारेही आले. खडकातली जी डबकी शतकानुशतके कोणी हलवली नव्हती, ती एका पिढीत ओरबाडली गेली. जे घरी नेले त्यातले पुष्कळसे थोड्याच दिवसांत मेले. पेटीत गर्दी फार, मेलेले वेळीच काढलेले नाही, पाणी नासलेले. मग वास सुटला की सगळे फेकून द्यावे आणि पुन्हा किनाऱ्यावर जावे. हौस ओसरली तेव्हा मागे उरली ती रिकामी डबकी. एडमंड पुढे नामांकित कवी व टीकाकार झाले. त्यांनी १९०७ साली पितापुत्रांच्या आठवणींचे पुस्तक लिहिले. त्यात ते नोंदवतात की, वडिलांनी लहानपणी दाखवलेली ती जिवंत, रंगीत डबकी आता राहिली नाहीत; आणि या हानीला आपली पुस्तकेच कारणीभूत झाली हे वडिलांच्या ध्यानी आले होते व त्याचा त्यांना मोठा विषाद वाटला.

वाचकहो, या ठिकाणी क्षणभर थांबले पाहिजे. गॉस यांनी कोणाला लूट करावयास सांगितले नव्हते. निर्माणकर्त्याची करणी पाहून लोकांनी त्याची स्तुती करावी, एवढाच त्यांचा हेतू. पण त्यांच्या शिकवणीत दोन भाग होते. एक, ही सुंदर वस्तू पाहा. दुसरा, थोडेच ठेवा, वाट पाहा, रोज लक्ष द्या. लोकांनी पहिला भाग उचलला आणि दुसरा पुस्तकातच राहिला.

आजचा लहान समुद्र

गॉस यांना एक गोष्ट कळणे त्या काळी शक्य नव्हते. पाणी शुद्ध ठेवण्याचे पुष्कळसे काम शेवाळापेक्षाही डोळ्यांना न दिसणारे जिवाणू करतात. प्राण्यांच्या विष्ठेतून व कुजण्यातून अमोनिया निघतो. तो विषारी असतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही घातक. दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात, ते पुष्कळच सौम्य. १८९० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांनी हे जिवाणू वेगळे करून दाखवले. तेव्हा गॉस हयात नव्हते. आधी दगड व शेवाळ, मग वाट पाहणे, मग प्राणी, हा त्यांचा क्रम बरोबर ठरण्याचे एक कारण हेच की, त्या अवधीत दगडावर हे जिवाणू वाढीस लागत. पुढे १९६१ साली जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावरच उष्ण समुद्रातील प्रवाळ पेटीत जगवून दाखवले.

आज वीसएक लिटरच्या पेटीतही प्रवाळ ठेवणारे लोक आहेत. पेटी लहान म्हणून काम सोपे असेल असे वाटते. प्रत्यक्षात उलट आहे. मोठ्या समुद्रात एक मासा मेला तर कळतही नाही. वीस लिटरात मेला तर एका रात्रीत सगळे संपू शकते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. वीस लिटरातले एक लिटर पाणी आटले की तेच प्रमाण ३७ ग्रॅमच्या जवळ जाते. म्हणून रोज तेवढे शुद्ध गोडे पाणी घालावे लागते. उष्णता २५ अंश सेल्सियसच्या आसपास राखावी लागते. नळाच्या पाण्यातले क्लोरिन चालत नाही, तांब्याचा अंश तर या प्राण्यांना विषच. दगड व पाणी मांडल्यावर चार ते सहा आठवडे, अमोनिया व नायट्राइट मोजून शून्यावर येईपर्यंत, पेटीत एकही मासा सोडावयाचा नसतो. त्यानंतर एकेक जीव, मध्ये बरेच दिवस जाऊ देऊन, सोडावा. आणि आठवड्याला दहावा हिस्सा पाणी नव्या खाऱ्या पाण्याने बदलावे. यंत्रे नवी आली, दिवे नवे आले, पण जो वाट पाहत नाही त्याची पेटी आजही नासते.

आपल्या देशात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयाची आहे. मालवणच्या समुद्रात, गोव्याजवळच्या ग्रँड बेटाभोवती, आपल्या किनाऱ्यावरही प्रवाळ आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. २००१ पासून सर्व दगडी प्रवाळांना आणि समुद्रघोड्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ते काढणे, बाळगणे, विकणे हा गुन्हा आहे. डेव्हनच्या डबक्यांना असे कोणतेच कुंपण नव्हते.

अखेरचे दिवस

उतारवयात गॉस यांनी ऑर्किडची फुले वाढवली, दुर्बिणीतून तारे पाहिले, आणि पाण्याच्या थेंबात फिरणाऱ्या रोटिफर नावाच्या सूक्ष्म जीवांवर डॉ. हडसन यांच्यासह १८८६ साली मोठा ग्रंथ पुरा केला. पुत्राचा मार्ग वेगळा झाला होता. एडमंड यांना पित्याची श्रद्धा जशीच्या तशी स्वीकारता आली नाही. ते दुःख पित्याने मनात वागवले. पण पत्रव्यवहार व भेटी तुटू दिल्या नाहीत. प्रभूचे आगमन आपल्या हयातीतच होईल आणि मरण न पाहता आपण त्याला भेटू, अशी गॉस यांची आयुष्यभराची आशा होती. १८८७-८८ च्या हिवाळ्यात उघड्या खिडकीपाशी बसून तारे पाहताना त्यांना थंडी बाधली, छातीचा विकार बळावला आणि २३ ऑगस्ट १८८८ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. आशा केली होती त्या रीतीने ती भेट झाली नाही. पण ते सेवेला आणि अभ्यासाला जवळजवळ शेवटपर्यंत लागलेले होते.

त्यांच्या एका पुस्तकाला विद्वानांनी बाजूला सारले, दुसऱ्या पुस्तकांनी लोकांना इतके मोहवले की किनारा उजाड झाला. तरीही ज्या सूचना त्यांनी त्या लहान काचपात्रासाठी लिहिल्या, त्या दीडशेहून अधिक वर्षे खऱ्या ठरत आल्या आहेत.

रविवारच्या शाळेच्या शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. या वर्षी मुलांना सहलीला किनाऱ्यावर नेलेत, तर ओहोटीच्या वेळी एखाद्या डबक्यापाशी त्यांना अर्धा तास बसवा. मुले दगड उलटतील. पाहून झाल्यावर तो होता तसा पुन्हा ठेवावयास त्यांना सांगा, कारण त्याच्या खालच्या बाजूस जीव राहतात आणि उन्हात ते मरतात. खेकडा, शंख, समुद्रपुष्प जे दिसेल त्याचे चित्र वहीत काढू द्या. परत निघताना कोणाच्या खिशात जिवंत शंख राहिलेला नाही ना, हे पाहा. ते डबके पुढल्या वर्षी येणाऱ्या मुलांनाही दिसले पाहिजे.